केक घरचाच होता

माझी पाठ गेली तेव्हा मी ट्रक चालवत होतो. नागपूर-रायपूर रस्त्यावर माझं निम्मं आयुष्य गेलं. सडक अर्जुनीला घर, घरी बायको आणि मुलगी, आणि मी आठवड्यातून एखाद-दोन दिवस पाहुण्यासारखा येऊन जाणारा. मग एका पावसाळ्यात टायर बदलताना कमरेत काहीतरी सटकलं आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो तो बसलोच. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मणक्यातली गादी सरकली आहे. आता फार वेळ बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, गाडी तर विसरूनच जायची.

बायको नर्स आहे. आमच्याच भागातल्या आरोग्य केंद्रात तिची नोकरी. सकाळी डबा घेऊन ती निघायची, मुलगी शाळेत जायची आणि मी पलंगावर आढ्याकडे पाहत पडून राहायचो. थोडं हिंडताफिरता यायला लागल्यावर मी चहा करू लागलो, मग भात लावू लागलो, मग भाजीही. ती थकून यायची आणि तिला आयतं ताट मिळायचं, हे मलाही बरं वाटायचं. पण हे सगळं मी दार लावून करायचो. कुणी कडी वाजवली की हातातला झाडू दाराआड ठेवायचो, ओले हात पुसायचो, खुर्चीत बसून पेपर उघडायचो आणि मग आवाज द्यायचो, या म्हणून. मला वाटायचं, कुणाला काही कळत नाही.

केकचा नाद पलंगावरच लागला. पडल्या पडल्या मोबाइलवर काय पाहायचं, तर लोक कुठे कुठे काय काय करतात ते पाहायचं. एका बाईने ओव्हनशिवाय, कुकरमध्ये रेती घालून केक केलेला पाहिला. आमचा एक जुना कुकर होता. त्याची शिट्टी आणि रिंग काढली, नाल्यातली बारीक रेती धुऊन वाळवून तळाशी पसरली, वर डबा ठेवायला जाळी. पहिला केक खालून कोळसा झाला आणि मधून कच्चा राहिला. मुलीने तरी वरचा भाग कोरून खाल्ला. पुढे हात बसला. मग मला मोहाची कल्पना सुचली. आमच्याकडे मोहफुलं काही कमी नाहीत. वाळलेली फुलं चोळून त्यांतले केसर झटकायचे, पाण्यात शिजवायची, वाटायची. तांदळाच्या आणि गव्हाच्या पिठात तो गोड काळसर लगदा, तूप, दही, थोडा सोडा. वरून चारोळी. साखर अगदी थोडी घालायची. भाजत आला की घरभर असा वास सुटायचा की मी आधी खिडक्या लावून घ्यायचो. एक तर मोह म्हटला की लोकांना दारू आठवते. आणि दुसरं म्हणजे, वास आला तर विचारतील, कोण काय करतं आहे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात बायकोच्या केंद्रातल्या लोकांनी सहलीचं ठरवलं. केंद्रात एक तरुण डॉक्टरीणबाई कोल्हापूरकडून नव्याने आल्या होत्या. त्यांना जंगल पाहायचं होतं. बायकोसोबतच्या मोठ्या सिस्टर, त्यांचे यजमान, आम्ही तिघं आणि डॉक्टरीणबाई, एवढेच जण. सिस्टरचे यजमान शाळेत शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. उंच माणूस, आवाज मोठा, थट्टा करायची सवय. जीप त्यांनीच ठरवली. देवरीच्या बाजूला जंगलात एक जुना तलाव आहे, तिथे उन्हाळ्यात लोक जेवणं घेऊन जातात. तिथे दिवसभर राहायचं ठरलं. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं होतं.

बायको म्हणाली, तुम्ही मोहाचा केक करा. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, डॉक्टर मॅडमला असं काही कुठे खायला मिळणार. शेवटी मी तयार झालो, पण अट घातली. केक गोंदियाच्या बेकरीतून आणला असं सांगायचं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. मुलगी नववीत होती. तिलाही मी तसंच बजावलं. तिने विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, तुला काय करायचं आहे, सांगितलं तेवढं लक्षात ठेव.

खोटं नीट बसावं म्हणून मी केक मिठाईच्या एका जुन्या पुठ्ठ्याच्या डब्यात घातला आणि त्याला दोरा बांधला. दोरा बांधताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं, हे आठवलं की आज अंगावर काटा येतो.

सकाळी लवकर निघालो. दवाखाना सोडला तर मी कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडत होतो. पाठीला पट्टा आवळलेला, सीटवर उशी. हमरस्ता सोडून जीप आत वळली आणि दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं. मे महिन्यातलं जंगल बाहेरच्या माणसाला सुकलेलं वाटतं. सागाची पानं पार गळून गेली होती, खाली त्यांचा नुसता खच. पण मोहाला नवी तांबूस पालवी आली होती, आणि तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया डोक्यावर गठ्ठे घेऊन परतत होत्या. तलावाचं पाणी बरंच आत गेलं होतं, तरी काठच्या मोठ्या झाडांखाली गार सावली होती. आम्ही सतरंज्या टाकल्या. कुठेतरी नवरंग पक्षी शिट्टी घालत होता. डॉक्टरीणबाईंना तो दिसला नाही, पण आवाज ऐकूनच त्या खूश झाल्या. माझी मुलगी त्यांना घेऊन चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं शोधायला गेली, आणि दोघी ओंजळभर जांभळट फळं घेऊन, ओठ रंगवून परत आल्या. मी झाडाला पाठ टेकून पाय पसरले. अंगावरून वारा गेला. मला वाटलं, आपण उगाच इतके दिवस घरात कोंडून घेतलं.

गुरुजी शेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, गाडी सुटल्यापासून काय करता. मी म्हटलं, शेती पाहतो. आमची थोडी धानाची जमीन आहे, पण ती ठेक्याने दिलेली. पाठ धड असती तरी मे महिन्यात तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. गुरुजी स्वतः शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी मान हलवली आणि पुढे विचारलं नाही.

जेवणं झाली. वांग्याची भाजी, भात, मिरचीचा ठेचा. मग बायकोने डबा सोडला. सिस्टरने एक घास घेतला आणि हे मोहाचं आहे का म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला. पुढच्या आठवड्यात त्यांची आई येणार होती. तिच्यासाठी हाच मागवायचा होता. कुठल्या बेकरीतला, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, गोंदियाच्या. गोंदियात कुठे? बाजारात. बाजारात कुठे, नंबर आहे का? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं.

गुरुजींनी रिकामा झालेला डबा उचलून उलटसुलट केला. हा तर मिठाईवाल्याचा डबा, म्हणाले, त्याच्याकडे केक कधीच नसतो. मग हसून बायकोला म्हणाले की सिस्टर, तुम्हीच केला आहे आणि उगाच लपवता आहात. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली आणि मोबाइल काढला, लिहून घ्यायला. मोह किती घ्यायचा, भिजवायचा किती वेळ? बायकोला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती अंदाजाने काहीतरी बोलत राहिली. मोह भिजवायचा, मग तळायचा, असं म्हणाली. सिस्टरने भुवया उंचावल्या. खोटं बोलण्याची बायकोला सवय नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती कुणाच्या वाट्याचं खोटं बोलत होती हे मला ठाऊक होतं. तरी माझं तोंड उघडलं नाही.

तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा करते."

सगळे माझ्याकडे वळले. ती पुढे म्हणाली, "घरी सगळं बाबाच करते. केकबी, स्वयंपाकबी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आईची सुटका करायची म्हणून ती बोलली असावी. गुरुजी मोठ्याने हसले. "भाऊ, तुम्ही तं शेती पाहून राहिलो म्हणत होते ना?"

त्यावर सगळे हसले. जीपचा ड्रायव्हर बाजूला बसून खात होता, तोही हसला. एकेकाळी मी हमरस्त्यावर याच्यासारखा चाकामागे बसायचो. त्याचं हसणं मला जास्त लागलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कानशिलं तापली. एका जेवणात मी दोनदा खोटा ठरलो होतो, आणि तेही मुलीसमोर. पाणी किती आहे पाहून येतो, असं काहीतरी पुटपुटून मी उठलो.

बांधावरून चालत गेलो. बांध संपला तिथून झाडीत उतरलो. मागचे आवाज ऐकू येईनासे झाले तेव्हा थांबलो. तिथे एका खळग्यात थोडं पाणी साचलेलं होतं. तोंडावर पाणी मारावं म्हणून मी वाकलो, आणि कमरेत तीच जुनी कळ आली. पाय गेल्यासारखे झाले. आधी गुडघ्यांवर आणि मग कुशीवर पडलो. पानांचा चुराडा झाला तेवढाच आवाज.

उठायचा प्रयत्न केला. श्वास घेतला तरी कळ येत होती. फोन सतरंजीवर राहिला होता. डोळ्यांसमोर वाळकी पानं आणि त्यांच्यावरून चाललेल्या मुंग्या. उन्हाळ्यात अस्वलं पाण्यावर येतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मला ते आठवलं, आणि तरी मी हाक मारली नाही. हाक मारली तर ते येणार, गुरुजी येणार, तो ड्रायव्हर येणार, आणि मला असं पडलेलं पाहणार. मी म्हटलं, जरा वेळाने आपोआप सुटेल, मग चालत जाऊ, काही झालंच नाही असं दाखवू.

काही वेळाने हाका आल्या. आधी बायकोची. मी ऐकली आणि गप्प राहिलो. मग गुरुजींचा मोठा आवाज बांधावरून आला, "भाऊ, ओ भाऊ." तेव्हाही मी गप्प राहिलो. आवाज लांब गेले, पुन्हा जवळ आले. मग मुलीचा आवाज आला. "बाबा" म्हणताना तिचा आवाज फाटत होता. दुसऱ्यांदा म्हणताना ती रडत होती. मी ओ दिली. माझा आवाज इतका बारीक निघाला की मला आणखी एकदा द्यावी लागली.

सगळ्यात आधी गुरुजी पोचले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण ते गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "हलू नका. कुठं दुखून राहिलं तेवढं सांगा." डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायांना चिमटे घेतले, बोटं हलवायला लावली, मग म्हणाल्या की घाबरण्यासारखं नाही, पण चालायचं नाही. सतरंजी आणली. माझ्याखाली ती कशी सरकवायची, कमरेला हात कुठे द्यायचा, हे सगळं गुरुजींनी ड्रायव्हरला हळू आवाजात सांगितलं. दोघांनी मिळून मला उचललं. बांधावरून नेताना तलावाच्या पलीकडे जेवायला बसलेलं एक मोठं कुटुंब उठून उभं राहिलं आणि पाहू लागलं. माझा शर्ट वर गेला होता, पट्टा दिसत होता. शर्ट खाली ओढायला हातही हलत नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. बायकोने पदराने पुसलं आणि घाम आला म्हणाली, कुणी विचारलं नव्हतं तरी.

 परत येताना जीपमध्ये मुलगी पुढे बसली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढचे दिवस पुन्हा पलंगावर गेले. बायकोने रजा घेतली. औषध द्यायची, अंग पुसायची, शेकायची. पण बोलणं कामापुरतंच. मला वाटलं, माझ्यामुळे सहल बिघडली म्हणून ती रागावली असेल. एका दुपारी ती शेकत होती तेव्हा मी तसं म्हटलं, की तुला माझ्यामुळे चारचौघांत खाली पाहावं लागलं. शेकायची पिशवी तिने बाजूला ठेवली.

"तुम्हाले घरी राहण्याची लाज वाटते," ती म्हणाली. "मंग माझ्या ड्युटीवर जाण्याची बी वाटतच असन ना? तुम्ही इकडं चूल सांभाळता म्हणून मी तिकडं जाते. एकाची लाज अन् एकाची नाही, असं कसं होईन?"

 ती पुढे म्हणाली, केंद्रात ती रोज सांगते की आमच्याकडे स्वयंपाक हेच करतात. सिस्टरला पहिल्यापासून माहीत होतं. बहुतेक गुरुजींनाही असणार. मी दार लावून करत होतो, ते नव्या डॉक्टरीणबाई सोडल्या तर सगळ्या केंद्राला ठाऊक होतं. त्या दिवशी माझ्या अटीमुळे तिला स्वतःचंच बोलणं खोटं पाडावं लागलं, आणि मी तलावाकडे पाहत बसलो होतो. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. पिशवी पुन्हा गरम करायला ती उठून गेली.

मुलगी मात्र खोलीत येतच नव्हती. पाणी मागितलं तर आईच्या हाती पाठवायची. शेवटी मी तिला बोलावलं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. तिला वाटत होतं की ती बोलली म्हणून मी निघून गेलो, निघून गेलो म्हणून पडलो, म्हणजे पाठ तिच्यामुळे पुन्हा गेली. हे ती कितीतरी दिवस एकटीच मनात घेऊन हिंडत होती. मी म्हटलं, "तू खरं तेच बोलली. तुझी काही चूक नाही."

"मंग तुम्ही काऊन गेले?"

मी खूप शोधलं, पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला सांगता येईल असं कारण सापडलं नाही. मी म्हटलं, लाज वाटली. तिने विचारलं, कशाची? घर झाडायची, भात लावायची, तिच्या आवडीचा केक करायची? ज्या गोष्टी मी तिच्यासाठी करत होतो, त्यांचीच नावं ती एकेक करून घेत होती. मी म्हटलं, हो, त्याचीच.  ती पाण्याचा रिकामा गिलास उचलून घेऊन गेली. माझ्या लाजेपेक्षा मला त्या वेळी तिचं तसं निघून जाणं जास्त जड गेलं.

मी उठून बसू लागलो तेव्हा गुरुजी पाहायला आले. मी थट्टेची तयारी ठेवली होती. त्यांनी पाठीची चौकशी केली. मग स्वतःचं सांगू लागले, की माझे वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होते. त्यांचं सगळं मीच करत होतो, उचलणं, धुणं, सगळं. त्यांचे खराब झालेले कपडे मी उजाडायच्या आत नळावर धुऊन आणायचो, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. एवढा मास्तर माणूस आणि हे करतो, असं कुणी म्हणू नये.

"मले बी लाजच वाटे," ते म्हणाले. "तरी तुमच्यावर हासलो. हासाले नाही पाहिजे होतं."

मी म्हटलं, जाऊ द्या. चहा मीच केला. उभं राहताना कमरेला हात लावावा लागला, तरी त्यांनी "मी करतो" म्हटलं नाही, बसून राहिले. दार उघडंच होतं. शेजारीण अंगणातून पाहत होती आणि माझा हात, साखर घालताना, उगाच घाई करत होता.

सगळं बदललं असं म्हणायला मला आवडलं असतं. या उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावला नात्यातलं एक लग्न होतं. पंगतीत शेजारी बसलेल्या लांबच्या एका काकांनी विचारलं, गाडी सोडल्यावर आता काय करतोस. बायको समोरच्या पंगतीत, मुलगी तिच्याजवळ. मी म्हटलं, घरी असतो, घर पाहतो. काकांनी "बरं" म्हटलं आणि वाढप्याकडे वरण मागितलं. पुढे कुणी काही विचारलं नाही. तरी जेवण संपेपर्यंत माझे कान गरम होते, आणि पानातलं काय खाल्लं ते मला आठवत नाही.